घरांतल्या गोष्टी : मोटारीला पाजलेलें पाणी

दिवाळीच्या किंवा मुंजीच्या निमित्तानें घरचीं माणसें एकत्र जमलीं, जेवणें उरकलीं, पानसुपारीचें तबक मध्यें आलें, कीं जुन्या गोष्टींना रंग चढतो. त्या गोष्टींत परीक्षा असतात, आजारपणें असतात, जमलेलीं आणि फिसकटलेलीं लग्नें असतात. परंतु ज्या घरीं एके काळीं मोटार होती, त्या घरीं मोटारीच्या फजितीची एक तरी गोष्ट निघाल्यावांचून बैठक मोडत नाहीं. गोष्ट सर्वांना पाठ असते. कोणता काका कोठें हंसणार आणि कोणती आत्या कोठें "पुरे आतां" म्हणणार, हेंहि ठरलेलें असतें. जो त्या गोष्टींतला खोडकर पोर, तो आतां स्वतः आजोबा झालेला असतो आणि कोपऱ्यांत तक्क्याला टेकून सर्वांच्या आधीं हंसत असतो.

अशाच दोन-तीन नाशिकच्या गोष्टी या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावयाच्या आहेत. त्यांवर आज निर्धास्तपणें हंसतां येतें. तें कां येतें, याचा थोडा विचार केला तर लहान मुलें असलेल्या घरांस त्यांतून उपयोगाचें कांहीं सांपडेल असें वाटतें.

प्रथम एक परदेशची गोष्ट सांगितली पाहिजे. कारण मोटारीची पहिली लांबची सफर हीसुद्धां अशीच एक घरगुती भानगड होती. जर्मनींतील कार्ल बेंझ यांनीं १८८६ सालीं आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट घेतलें. पण त्या यंत्रावर लोकांचा विश्वास बसेना. ऑगस्ट १८८८ मध्यें एके दिवशीं पहांटे त्यांच्या पत्नी बेर्था यांनीं पंधरा वर्षांचा ऑयगेन व तेरा वर्षांचा रिखार्ड या आपल्या दोन मुलांना बरोबर घेतलें, आणि पतीला न विचारतां ती मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे आपल्या माहेरीं, नेली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. वाटेंत इंधन संपलें, तें वीस्लोख गांवच्या औषधांच्या दुकानांतून घेतलें. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. चढ आला कीं मुलें उतरून गाडी ढकलीत; ब्रेक झिजले तेव्हां चांभाराकडून त्यांवर कातडें ठोकून घेतलें. संध्याकाळीं मुक्कामाला पोहोंचल्यावर बाईंनीं पतीला तार करून सर्व कळविलें. त्या सफरींतील टांचणीचें कौतुक जगभर झालें आहे; आमच्या मतें तारेचेंहि व्हावयास पाहिजे होतें. घडलेली गोष्ट घरीं कळविली गेली, म्हणूनच चढावर गाडी कमी पडते हें पतीस कळलें आणि पुढें तींत चढासाठीं आणखी एक गिअर आला.

आतां आपल्या गांवीं येऊं. १९६० नंतरच्या त्या दशकांत मध्यम स्थितींतल्या घरीं मोटार येणें ही लहान गोष्ट नव्हती. नव्या गाडीसाठीं पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पहावी लागे. म्हणून बहुतेक घरीं ती दुसऱ्याच्या हातची येई. आमच्या घरीं आली ती फियाट ११००. मुंबईंत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यांत १९५४ पासून तयार होऊं लागलेल्या या गाडीला तिच्या गुबगुबीत अंगामुळें आणि पुढें आलेल्या नाकामुळें महाराष्ट्रांत सर्वत्र 'डुक्कर फियाट' असें म्हणत. सोंवळ्याच्या घरांत हें नांव उच्चारावयाचें कसें, हा आजीपुढें मोठा प्रश्न पडला होता. तिनें तो 'आपली गाडी' असें म्हणून सोडविला.

त्या गाडीचे पुढचे दरवाजे उलटे उघडत, म्हणजे त्यांच्या बिजागऱ्या मागच्या अंगास असत. चालत्या गाडींत असें दार जरा सैल राहिलें तर वारा तें खेंचून सताड उघडतो. म्हणून आमच्या घरीं मुलांच्या बाजूच्या दाराची मूठ सुतळीनें बांधून ठेवीत. गिअरचा दांडा चाकाच्या खालींच असे, आणि पुढची बैठक बाकासारखी सलग. पुढें तिघे, मागें चौघे आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक मूल, असा हिशेब. इंजिन १०८९ सी. सी. चें, म्हणजे आजच्या लहानशा मोटारीएवढें. तें आमचें सबंध एकत्र कुटुंब ओढीत असे, आणि फार तापलें कीं वाफ सोडून तसें सांगतहि असे.

या तापण्यावरूनच पहिली गोष्ट घडली. रोज सकाळीं थोरले काका अंगणांत येऊन पुकारा करीत, "गाडीला पाणी पाजा रे!" त्याचा अर्थ रेडिएटरांत पाणी घाला, असा. हें काम मोठ्या चुलतभावाचें. धाकट्या चुलतभावाला तेव्हां सातवें वर्ष चालू होतें. मे महिन्यांत आत्याच्या मुलीचें लग्न दादरला, गोरज मुहूर्तावर ठरलेलें. सकाळीं आठ वाजतां निघावयाचें होतें आणि घरांत एकच धांदल होती. काकांनीं पुकारा केला. मोठा भाऊ ट्रंका बांधण्यांत गुंतला होता. तेव्हां धाकट्यानें आपण होऊन तांब्या उचलला, गाडीभोंवतीं एक प्रदक्षिणा घातली, आणि हाताला सांपडेल तें झांकण उघडून अर्धा तांब्या पाणी गाडीला भक्तिभावानें पाजलें. झांकण पेट्रोलच्या टांकीचें होतें.

पाणी पेट्रोलपेक्षां जड असतें. तें त्यांत मिसळत नाहीं, तळाशीं जाऊन बसतें. पेट्रोल ओढणाऱ्या नळीचें तोंड तळापासून किंचित् वर असल्यामुळें सपाट रस्त्यावर कांहीं काळ कोणास पत्ता लागला नाहीं. पुढें मुंबई-आग्रा रस्त्याच्या खड्ड्यांतून टांकी हिंदकळूं लागली, तसें पाणी नळींत चढलें. आणि पांडवलेण्यांच्या डोंगराजवळ गाडीनें दोन गचके खाल्ले, एक खोकला काढला आणि ती उभी राहिली.

मग शास्त्रार्थ सुरू झाला. काकांनीं प्लग काढून पुसले. उन्हानें पेट्रोलची वाफ झाली असेल म्हणून पंपावर ओलें फडकें ठेवलें. वडिलांचें मत बॅटरी गेली असें पडलें. तेव्हां सर्व पुरुषांनीं मिळून गाडी ढकलली. धाकटी काकू म्हणाली, निघतांना मांजर आडवें गेलें होतें. ऊन चढत होतें. आणि ज्या मामानें वधूला बोहल्यावर आणावयाचें, तो मामाच हातापायांना काळें फांसून नाशिकच्या वेशींत गाडीखालीं निजलेला होता. या सर्व वेळांत घरांतल्या एकाच माणसाला खरें कारण ठाऊक होतें, आणि तो माणूस रस्त्याकडेच्या वडाखालीं तोंडांत सदऱ्याचें टोंक धरून उभा होता. काकांचा राग प्रसिद्ध होता. आठच दिवसांपूर्वीं कंदिलाची कांच फोडल्याबद्दल त्याला संध्याकाळभर ओसरीवर उभें रहावें लागलें होतें.

आजीच्या तें लक्षांत आलें. तिनें त्याला जवळ बसविलें, फराळाच्या डब्यांतला एक लाडू हातांत दिला, आणि कांहीं विचारलें नाहीं. लाडू अर्धा झाल्यावर तो आपण होऊनच तिच्या कानाशीं लागला. मग ती उठली आणि गाडीपाशीं गेली.

"आधीं वचन दे, त्याच्यावर हात उगारायचा नाहीं."

"कोणावर, आई?"

"आधीं वचन."

"बरं, दिलं."

"तूं रोज म्हणतोस ना, गाडीला पाणी पाजा? त्यानं पाजलं. पुण्यच केलं बिचाऱ्यानं; तोंड तेवढं चुकलं."

काका क्षणभर तसेच राहिले. मग रस्त्यांतच मांडी घालून बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हंसले. गांवांतून मिस्त्री आला, टांकी उपसली, नळ्या झटकल्या, नवें पेट्रोल भरलें. एवढें करावयास लागला एक तास. कारण शोधण्यांत गेले होते तीन. घाट उतरून दादरला पोहोंचले तेव्हां अंतरपाट धरलेला होता आणि मुलीच्या धाकट्या मामांनीं पुढें व्हावें अशी कुजबूज चालली होती. थोरले मामा तसेच धांवले. वधूच्या शालूला ग्रीस लागूं नये म्हणून कोणी तरी त्यांच्या हातांवर पंचा टाकला, आणि पंचांतल्या हातांनींच त्यांनीं भाचीला बोहल्यावर नेलें. तें छायाचित्र अजून आहे.

नाशिकला परत आल्यावर काकांनीं पोराला गाडीपाशीं नेलें, दोन्ही झांकणें उघडून दाखविलीं, आणि त्या दिवसापासून इंजिन थंड असतांना रेडिएटरांत पाणी घालण्याचें काम त्याच्याकडेच दिलें. शिक्षा म्हणतां येईल तर ती एवढीच.

दुसरी गोष्ट एका स्नेह्यांच्या घरची. जुन्या नाशिकची वस्ती टेकांवर आहे. तिथल्या गल्ल्या गोदावरीच्या बाजूला उतरतात. अशाच एका उतारावर त्यांची गाडी उभी असे, आणि दुपारीं मोठीं माणसें वामकुक्षीला गेलीं कीं मुलें तींत बसून काशीयात्रेला जात. एके दिवशीं यात्रा भुसावळच्याहि पुढें गेली असतां सारथ्यानें हातब्रेक सोडला, आणि गाडी खरोखरच निघाली. मोठा मुलगा चाक घट्ट धरून बसला. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. पांच वर्षांच्या बहिणीनें मात्र खिडकींतून डोकें बाहेर काढून "आम्ही चाललों! आम्ही चाललों!" असा जो आक्रोश मांडला, त्यानें सबंध आळी जागी झाली आणि वाटेंतले लोक बाजूला झाले. दहा-पंधरा हात जाऊन गाडी भाजीच्या एका हातगाडीला टेकली. कोणास लागलें नाहीं. पण भोपळे सर्व फुटले. आजोबांनीं भाजीवाल्याला सबंध गाडीचे पैसे दिले, आणि तो माल वायां कसा घालवावयाचा म्हणून चार दिवस घरांत सकाळ-संध्याकाळ भोपळा झाला. त्यानंतर गाडी उभी केली कीं गिअरमध्यें टाकून चाकाखालीं दगड लावण्याचा नियम झाला, आणि तो दगड आणण्याचा मान त्या ओरडणाऱ्या मुलीला मिळाला.

तिसरी गोष्ट त्र्यंबकेश्वरची. नाशिकपासून तें अंतर तीस किलोमीटरांच्या आंतबाहेर. श्रावणांत आमच्या घरचीं सतरा माणसें दर्शनाला जावयाचीं, आणि गाडी एक. म्हणून दोन खेपा होत. परततांना पहिल्या खेपेंत बायका, दुसरींत पुरुष, आणि मुलें जागा मिळेल तशीं. संध्याकाळीं घरीं पानें मांडलीं तेव्हां एक पाट रिकामा राहिला. पहिल्या खेपेच्या मंडळींना वाटलें होतें, ती दुसरींत आहे. दुसरीच्या मंडळींना वाटलें, ती पहिलींत गेली. सहा वर्षांची माझी चुलतबहीण त्र्यंबकलाच राहिली होती. जेवणें तशींच टाकून गाडी परत निघाली. तो पाऊण तास घरांत कोणी बोललें नाहीं, असें आई सांगत असे. बाई सुखरूप होत्या. उपाध्यांच्या घरीं दूधभात खाऊन, त्यांच्या मुलींशीं सागरगोटे खेळत बसल्या होत्या, आणि नेण्यास आलेल्या वडिलांना म्हणाल्या, "माझा डाव संपूं द्या."

तेव्हांपासून आजोबांनीं प्रत्येक मुलाला क्रमांक दिला. गाडी सुटण्यापूर्वीं आणि गाडींतून उतरल्यावर, दोन्ही वेळां, मुलांनीं आपापला क्रमांक मोठ्यानें म्हणावयाचा. उतरल्यावर कशाला, असें विचारलें तर ते म्हणत, "पावती घेतल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाहीं."

वाचकहो, या तिन्ही गोष्टी हंसण्याच्या झाल्या त्या कशामुळें, हें आतां पहावें. पहिलींत पोरानें कानांत सांगितलें; दुसरींत मुलगी ओरडली; तिसरींत कोणीं तरी पाट मोजले. सांगणारें कोणी नसतें, तर त्याच गोष्टी आपण आज दिवाळीच्या बैठकींत काढल्या नसत्या. मुलांच्या हातून उपद्व्याप होणारच. ते कोणत्याहि शिस्तीनें सर्वस्वीं बंद होत नाहींत. आपल्या हातीं असतें तें एवढेंच कीं, उपद्व्याप झाल्याबरोबर पोर आपल्याकडे धांवत येतें, कीं वडाखालीं तोंडांत सदरा धरून उभें राहतें. आणि तें मागच्या वेळच्या कंदिलाच्या कांचेवर ठरतें.

हंसण्याचेंहि तारतम्य आहे. घडलेल्या गोष्टीला हंसावें, पोराला हंसूं नये. कांहीं घरीं अशा गोष्टी पाहुण्यांपुढें त्या मुलाला उभें करून सांगतात, आणि तें लाजून कावरेंबावरें झालें कीं अधिकच हंसतात. असें मूल पुढच्या वेळीं मार चुकविण्यासाठीं गप्प बसणार नाहीं कदाचित्, पण हंसें चुकविण्यासाठीं खात्रीनें बसेल. परिणाम एकच.

आजच्या मोटारींमुळें हें सांगणें अधिकच अगत्याचें झालें आहे. जुनी गाडी खडखडे, वाफ सोडी, दारें धड लागत नसत. तिची खोडी लपत नसे. आजची मोटार मुकाट्यानें चालू होते, तिचीं सर्व दारें एका कळीनें बंद होतात, कांचा घट्ट बसतात. बंद मोटार उन्हांत उभी असली तर आंतली हवा पहिल्या दहा मिनिटांतच सुमारें दहा अंशांनीं चढते. कांच बोटभर खालीं ठेवल्यानें फारसा फरक पडत नाहीं. लहान मुलाचें अंग मोठ्यापेक्षां कितीतरी लवकर तापतें. त्यामुळें खेळतां खेळतां मोटारींत शिरून अडकलेलीं, किंवा मागच्या बैठकीवर झोंपलीं असतां विसरून राहिलेलीं मुलें दगावल्याच्या बातम्या आपल्या देशांत आणि परदेशांतहि येतात. त्या घरचे लोक निष्काळजी होते असें समजूं नये. त्र्यंबकला मूल विसरणारे आमचे आजोबाहि निष्काळजी नव्हते. प्रत्येकाला वाटलें होतें कीं तें दुसऱ्याबरोबर आहे.

म्हणून कांहीं गोष्टी घरोघरीं व्हाव्या. मोटारीची किल्ली मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी ठेवावी, आणि अंगणांत उभी असलेली गाडीहि बंद करून ठेवावी. उतरल्यावर मागची बैठक पाहिल्यावांचून दार लावूं नये; आजोबांची पावती तीच. आणि मुलांना हें खेळांतच शिकवावें कीं, कधीं आंत अडकलांत तर पुढच्या बैठकीवर या, तिथलें दार आंतून उघडून पहा, आणि उघडत नसेल तर कोणी येईपर्यंत भोंगा वाजवीत रहा. बहुतेक मोटारींत किल्ली नसतांहि भोंगा वाजतो. आपल्या गाडींत वाजतो कीं नाहीं, हें आजच पहावें. भोंगा वाजविल्याबद्दल रागावलेल्या मुलाला तो वाजविण्याचा धीर होणार नाहीं, हेंहि लक्षांत असावें.

एक जुनी हौस मात्र आतां सोडलीच पाहिजे. मुलाला मांडीवर घेऊन चाक धरूं देणें, किंवा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलानें गाडी 'कोपऱ्यापर्यंत' नेली म्हणून पाठ थोपटणें, हें पूर्वीं अनेक घरीं कौतुकानें चाले. आतांच्या मोटारींत धक्का बसतांच चाकांतून हवेची पिशवी क्षणार्धांत फुगते, आणि मांडीवरचें मूल नेमकें तिच्या तोंडीं असतें. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदाहि स्पष्ट आहे. अल्पवयीन मुलाच्या हातून मोटार चालवितांना गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसावें वर्ष पुरें होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा त्याच्या वयाची खास बैठक यांवांचून नेल्यास एक हजार रुपये दंड आहे.

हें सर्व करूनहि मुलें कांहीं तरी नवें शोधून काढतीलच, आणि तें आपल्या यादींत नसेल. पेट्रोलच्या टांकींत तांब्या उलटा करूं नये, असा नियम आमच्या घरीं कोणीं केला होता? अशा वेळीं नियम उपयोगीं पडत नाहींत. पोराच्या मनांतला भरंवसा उपयोगीं पडतो. तो ज्या घरीं आहे, त्या घरच्या गोष्टी पन्नास वर्षांनींहि हंसत सांगितल्या जातील.